नव्या पाकिटाची कापलेली कड

नवे पाकीट किंवा पट्टा हातात आला की आपण वरची चकाकी बघतो, वास घेतो, शिलाई तपासतो. मालाची खरी ओळख मात्र कडेला पटते. जिथे चामडे नुसते कापलेले आहे, कडेवर रंगाचा लेप दिलेला नाही, अशी जागा शोधा आणि भिंगाखाली धरा. वर एक पातळ, दाट थर दिसेल. केसांची मुळे याच थरात होती. त्याखाली जाडसर, मोकळे धागे, एकमेकांत गुंतलेले.

हे धागे कोलॅजेन या प्रथिनाचे. त्याचा एक रेणू म्हणजे तीन साखळ्यांचा पीळ, सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि जेमतेम दीड नॅनोमीटर जाड. असे रेणू जुळून तंतू होतात, तंतूंच्या जुड्या होतात आणि जुड्या सगळ्या दिशांनी एकमेकींत शिरतात. कापडाचे धागे फक्त आडवे-उभे, म्हणून ते कडेने उसवते. चामडे उसवत नाही, त्यामुळे त्याची कड दुमडून शिवायची गरजही पडत नाही.

कच्चे कातडे ओले राहिले तर सडते आणि वाळवले तर कडक होते, कारण पाणी गेल्यावर तंतू एकमेकांना चिकटून बसतात. कातडी कमावताना या तंतूंच्या मध्ये असे रसायन बसवतात की जिवाणूंना ते पचत नाहीत. मग तेल मुरवले की ते एकमेकांवरून सरकतात. जुन्या पद्धतीत हे काम झाडांच्या साली आणि फळांतली टॅनिने, म्हणजे तुरट द्रव्ये, करतात. बाभूळ, ओक, चेस्टनट, हिरडा हे त्यांचे नेहमीचे स्रोत. टॅनिने हायड्रोजन बंधांनी कोलॅजेनला धरतात. जाड कातड्यात ती पार आतपर्यंत मुरायला पूर्वी कित्येक महिने जात. ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ मध्ये क्रोमियमच्या क्षारांच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि पुढे हाच काळ दिवसांवर आला. आज जगातले बहुतेक चामडे क्रोमचेच असते.

दोन्हींतला फरक उष्णतेत उघड होतो. ओले कच्चे कातडे साधारण ६० ते ६५ अंश सेल्सियसला आखडते. तीन साखळ्यांचा पीळ उलगडतो आणि कोलॅजेनचे जिलेटिन व्हायला लागते. टॅनिनचे चामडे ७० ते ८५ अंशांपर्यंत तग धरते. क्रोमचे चांगले कमावलेले चामडे उकळत्या पाण्यातही आखडत नाही, कारण क्रोमियम शेजारच्या साखळ्यांना अधिक पक्के जखडते. शौकीन मंडळी क्रोमला नाके मुरडतात, ते मला पटत नाही. पावसात भिजणाऱ्या बुटाला क्रोमच बरे. पट्ट्याला मात्र मी टॅनिनचे चामडे घेईन, कारण ते घट्ट असते, आकार धरते आणि उजेडाने व हाताच्या तेलाने गडद होत जाते. न रंगवलेल्या कडेवर टॅनिनचे चामडे तपकिरी दिसते, क्रोमचे निळसर करडे. रंग आरपार मुरवला असेल तर ही खूण चालत नाही.

टॅनिनच्या चामड्याची एक खोड माहीत असलेली बरी. फिक्या रंगाच्या नव्या पाकिटावर ओली लोखंडी किल्ली ठेवून बघा (म्हणजे, शक्यतो ठेवू नका). थोड्याच वेळात काळा-निळा डाग उमटतो. लोह आणि टॅनिन यांच्या संयोगाने तिथे शाईच तयार झालेली असते; मायफळाची जुनी शाई याच रसायनाची. डाग वर बसलेला नसतो, आत तयार झालेला असतो, म्हणून पुसून जात नाही.

क्रोमबद्दल भीती असते ती षट्संयुजी क्रोमियमची, म्हणजे क्रोमियमच्या घातक रूपाची. कमावताना त्रिसंयुजी रूप वापरतात, पण प्रक्रियेत गफलत झाली तर त्यातले काही षट्संयुजी रूपात बदलू शकते. त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंसाठी युरोपीय संघाने २०१५ पासून या रूपावर किलोला ३ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे.

पॉलियुरेथेनचा लेप दिलेले ‘चामडे’ म्हणजे कापडावरचे प्लास्टिक. हवेतल्या ओलाव्याने बऱ्याचशा लेपांचे रेणू तुटत जातात, म्हणून न वापरता कपाटात ठेवलेली पर्ससुद्धा काही वर्षांत पापुद्रे टाकते. त्यावर कुठलेही क्रीम चालत नाही.

खऱ्या चामड्यालाही क्रीम जपूनच लावावे. जास्तीची चरबी थंडीत पृष्ठभागावर येते आणि पांढरी झाक धरते. लोक तिला बुरशी समजून घाबरतात. केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा तिच्यावर सोडा. चरबी असेल तर वितळून परत आत मुरते. पांढरेपणा तसाच राहिला आणि कुबट वासही आला, तर ती बुरशी. तेव्हा वस्तू कोरड्या कापडाने पुसून हवेशीर जागी ठेवावी, बंद प्लास्टिकच्या पिशवीत नव्हे.