व्ही-बिट म्हणजे बारीक एंडमिल नव्हे

घरच्या छोट्या सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवरून चालणाऱ्या कोरणाऱ्या मशीनवर, पीसीबी (तांब्याचा थर असलेला सर्किट बोर्ड) कोरायला लागलेला माणूस पहिल्या महिनाभरात एक ठरावीक बोर्ड घेऊन माझ्याकडे येतो. ट्रॅक (तांब्याच्या वाटा) दोऱ्यासारखे झालेले, आयसीचे पॅड (चिपचे पाय जिथे सोल्डर करतात ते तुकडे) निम्मे खाल्लेले, आणि तक्रारही ठरलेली: "काका, बिट ०.१ चाच आहे, पाकिटावर लिहिलंय. मग कापलं एवढं रुंद कसं?" परवा आलेला मुलगा तर अक्कलकोट रोड एमआयडीसीत व्हीएमसी, म्हणजे धातू कापणारं मोठं सीएनसी मशीन, चालवतो. कटर, ऑफसेट, फीड हे सगळं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि कळतं म्हणूनच तो इथे फसला.

एंडमिल, म्हणजे सरळ बाजूंचा सपाट टोकाचा कटर, तुम्हाला माहीत आहे. ४ मिमीचा कटर ४ मिमीचा स्लॉट काढतो. अर्धा मिमी खोल जा नाहीतर तीन मिमी, रुंदी तीच. व्यास हा त्या कटरचा जन्माचा आकडा, प्रोग्रॅममध्ये एकदा भरला की विषय संपला.

व्ही-बिट टोकाकडे निमुळता होत जातो, त्याला असा व्यासच नाही. दांडा तोच ३.१७५ मिमीचा, डबीही तीच, म्हणून दोन्ही एका जातीचे वाटतात. पण पाकिटावरचं ०.१ म्हणजे फक्त टोकाची रुंदी. टोक तांब्याला नुसतं टेकलं असेल त्या क्षणापुरता तो आकडा खरा. त्याखाली बिट जसजसा उतरतो तसतसा त्याचा वरचा जाड भाग तांब्यात शिरतो. तेव्हा कापाची रुंदी ठरवते खोली:

रुंदी = टोक + २ × खोली × टॅन (कोनाचा अर्धा)

०.१ टोकाचा ६० अंशाचा बिट ०.०५ मिमी खोल गेला तर काप ०.१६ मिमी होतो. ०.१ खोलीला ०.२२, आणि ०.२ खोलीला ०.३३. म्हणजे पाकिटावरच्या आकड्याच्या तिप्पटीहून जास्त. ३० अंशाच्या बिटला त्याच तीन खोल्यांवर ०.१३, ०.१५ आणि ०.२१ मिळतात. नेहमीच्या बोर्डावर तांब्याचा थर असतो ३५ मायक्रॉनचा, म्हणजे ०.०३५ मिमी. त्यासाठी ०.२ खोल जायचं कारण काय? "सगळीकडे नक्की कापलं जावं म्हणून" असं उत्तर येतं. ही सवय मला अजिबात आवडत नाही. एंडमिलला जास्त खोली म्हणजे थोडा जास्त वेळ. व्ही-बिटला जास्त खोली म्हणजे वेगळंच हत्यार.

खरी चूक मात्र याच्या पुढची आहे. ०.८ मिमी पिचची (दोन शेजारच्या पायांच्या मध्यांतलं अंतर) टीक्यूएफपी, म्हणजे चारही बाजूंना बारीक पाय असलेली चपटी आयसी घ्या. पॅड ०.५५ मिमीचे असतील तर दोन पॅडमध्ये ०.२५ जागा उरते. फ्लॅटकॅमला, म्हणजे बिटचा मार्ग आखणाऱ्या सॉफ्टवेअरला, तुम्ही खरं सांगितलंत, की माझा काप ०.३३ चा आहे, तर ते त्या फटीतून मार्गच काढत नाही. सगळे पॅड एका बेटात अडकलेले दिसतात. मुलं वैतागतात आणि टूल डायमीटरमध्ये ०.१ टाकतात. लगेच पॅडमधून छान रेषा उमटतात, प्रश्न सुटला असं वाटतं. सुटलेला नसतो. सॉफ्टवेअर आता पॅडच्या कडेपासून ०.०५ अंतरावर बिट चालवतं, बिट मात्र दोन्ही बाजूंना ०.१६५ खातो. प्रत्येक पॅडची प्रत्येक कड ०.११ हून जास्त आत सरकते आणि ०.५५ चा पॅड ०.३२ चा होतो. ट्रॅक ०.२५ चा असेल तर त्याचं जवळपास काहीच उरत नाही.

सॉफ्टवेअर मार्ग काढत नव्हतं तेव्हा ते बरोबर होतं. हा काप या फटीत मावत नाही, एवढंच ते सांगत होतं. उपाय आकडा बदलण्यात नाही, काप बदलण्यात आहे. ३० अंशाचा बिट लावा, खोली ०.०८ ठेवा, काप ०.१४ च्या आसपास येतो आणि त्याच फटीतून आरामात जातो. फ्लॅटकॅमच्या नव्या आवृत्त्यांत टूलचा आकार व्ही निवडला तर टोक आणि कोन विचारून रुंदी तेच काढून देतं. ती सोय वापरा. फक्त नंतर मशीनवर "जरा खाली घेतो" म्हणून झेड (बिटची वरखालची उंची) हलवलात की ते गणित रद्द झालं, हे ध्यानात ठेवा.

आता ०.०८ खोली म्हटलं की बोर्ड सपाट हवा. तो कधीच नसतो. ग्लास इपॉक्सीच्या (बोर्ड ज्याचा बनतो त्या काचेच्या धाग्यांच्या पत्र्याच्या) तुकड्याला मध्ये ०.२ मिमीचा बाक असणं अगदी साधी गोष्ट आहे. एका टोकाला तांबं कापलंच जात नाही, दुसऱ्या टोकाला ट्रॅक बारीक होतात. व्हीएमसीवरच्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, कारण त्याच्या कामात झेडमधली चूक झेडमध्येच राहते. इथे ती एक्स-वायमध्ये, म्हणजे आडव्या मापांत, उतरते. आपल्या सोलापुरी मे महिन्यात भर म्हणजे पत्र्याखालच्या खोलीत दुहेरी टेप मऊ पडते आणि बोर्ड चालू कामात मधूनच उचलतो. मी उन्हाळ्यात पहाटे कोरतो, आणि टेप असली तरी कडेने क्लॅम्प लावतोच.

बाकाचा इलाज म्हणजे प्रोबिंग. एक वायर बिटला, एक तांब्याला. बिट टेकला की सर्किट पूर्ण होतं आणि कंट्रोलर ती उंची नोंदवतो. बीसीएनसी किंवा कॅंडल या मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दर १० मिमीला एक बिंदू घेऊन उंचीचा नकाशा करा, मग बिट बोर्डाच्या बाकाबरोबर वरखाली चालतो. एंडमिलने कडा कापताना हे केलं नाही तरी चालतं. व्ही-बिटने नकाशा न करता कोरणं म्हणजे कापाची रुंदी नशिबावर सोडणं.

इतकं करूनही सूत्रातला आकडा हा कागदावरचाच. स्वस्त स्पिंडलचं रनआउट, म्हणजे फिरताना बिटचं डगमगणं, त्यात भर घालतं. ग्लास इपॉक्सीतली काच टोक झिजवते, मग ०.१ चं टोक दोन-चार बोर्डांत ०.१ चं राहत नाही. त्यातून काही विक्रेते पूर्ण कोन लिहितात, काही अर्धा, त्यामुळे ३० लिहिलेला बिट ६० चाही निघू शकतो. म्हणून नवा बिट लावला की मी आधी टाकाऊ तुकड्यावर चाचणी घेतो. ठरलेल्या खोलीवर समांतर रेषांच्या जोड्या कोरायच्या: मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर ०.५०, मग ०.४५, ०.४०, असं ०.१० पर्यंत. दोन रेषांमधली तांब्याची पट्टी ज्या जोडीला नाहीशी होते, ते अंतर म्हणजे तुमच्या कापाची रुंदी. मायक्रोस्कोप लागत नाही. मागावर कापडाचे उभे-आडवे धागे मोजायला जो पिक ग्लास वापरतात तो पुरतो, आणि सोलापूरच्या पूर्व भागात तो कुठल्याही कारखान्यात मागितला तर मिळेल. तो आलेला आकडा सॉफ्टवेअरमध्ये टाका, पाकिटावरचा नको.

आरपीएम, फीड, किंमत यात दोघांत फरक आहेत, पण त्यामुळे कुणाचा बोर्ड बिघडलेला मी पाहिलेला नाही. धुळीचं मात्र दोघांनाही लागू: ती काचेची भुकटी आहे. तोंडाने फुंकू नका, मास्क लावा, व्हॅक्यूमची नळी बिटजवळ धरा.

उलटा घोळही होतो, एंडमिलचं काम व्ही-बिटने करायचा. बोर्डाची बाहेरची कड व्ही-बिटने कापू नका. १.६ मिमीच्या बोर्डातून आरपार जायला १.७ खोली धरली तर ६० अंशाचा बिट वरच्या बाजूला दोन मिमीहून रुंद खातो आणि कड तिरकी येते. तिथे १ मिमीची एंडमिल, ०.४ मिमीच्या पायऱ्यांनी.

आणि मागाच्या पॅनेलसाठी बोर्ड करणाऱ्यांना कळकळीने सांगतो. ताणा तुटला की माग थांबवणाऱ्या सर्किटात एका बाजूला सेन्सरचे ५ व्होल्ट असतात, दुसऱ्या बाजूला रिलेवर २३० व्होल्ट. व्ही-बिटने काढलेली ०.१५ मिमीची रेघ मल्टिमीटरवर "ओपन" दाखवते, म्हणून लोक तिच्यावर भरवसा ठेवतात. तिच्यात कापसाचा तूस आणि घामाचा ओलावा साचला की ती रेघ राहत नाही. मेन्स आणि लो व्होल्टेजच्या मध्ये मी किमान ६ मिमी पट्ट्यातलं सगळं तांबं सपाट एंडमिलने खरवडून काढतो, आणि मध्ये एखादी कुसळाएवढी पट्टी राहिली नाही ना, हे त्याच पिक ग्लासखाली पाहूनच सोल्डरिंगला घेतो.