दाबलेल्या हवेचा स्वभाव आणि तुमचा कंप्रेसर

चौकशीला येणाऱ्या ग्राहकाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: ‘किती एचपीचा घेऊ?’ मशीन बसल्यावर फोन येतात ते वेगळे. टाकीत पाणी साचते. मशीन फार तापते. काटा सातवर आहे, तरी टूलला जोर येत नाही. या सगळ्यांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते, ते म्हणजे वायू दाबल्यावर कसा वागतो यात. तेवढे समजले की बिघाड कोणता आणि हवेचा स्वभाव कोणता, हे तुम्हालाच ओळखता येईल आणि आम्हाला विनाकारण बोलवावे लागणार नाही.

काटा शून्यावर असतानाही दाब असतो

समुद्रसपाटीला आपल्या भोवतालच्या हवेचा दाब सुमारे 1 बार असतो (नेमके सांगायचे तर 1.013). टाकीवरचा गेज हा दाब मोजतच नाही. त्याच्या वर किती चढला, एवढेच तो दाखवतो. म्हणून गेजवर 7 बार दिसतात तेव्हा आतला खरा, म्हणजे निरपेक्ष दाब 8 बार असतो. वायूचे कोणतेही गणित या निरपेक्ष दाबावरच करायचे असते. गेजचा आकडा तसाच धरला की हिशोब पहिल्याच पायरीला चुकतो.

रॉबर्ट बॉईलने 1662 मध्ये मांडलेला नियम आजही आमच्या धंद्याचा पाया आहे: तापमान तेच ठेवले, तर दाब जितक्या पटीने वाढेल तितक्या पटीने आकारमान कमी होते. 8 घनमीटर मोकळी हवा 1 घनमीटर जागेत कोंबली आणि पुन्हा मूळ तापमानाला आणली, की निरपेक्ष दाब 8 बार होतो आणि गेजवर 7 दिसतात.

आता 500 लिटरची टाकी घ्या. गेजवर 7 बार असताना तिच्यात 4000 लिटर मोकळ्या हवेइतका साठा असतो. ऐकायला भरपूर वाटतो. पण तुमच्या टूलला निदान 6 बार लागत असतील, तर 7 वरून 6 वर येईपर्यंत जी हवा बाहेर पडते तीच कामाची, आणि ती भरते फक्त 500 लिटर. मिनिटाला 1000 लिटर हवा खाणारे यंत्र ती अर्ध्या मिनिटात संपवते. ‘मोठी टाकी लावली की छोटा कंप्रेसर पुरेल’ हा सल्ला म्हणूनच आम्ही देत नाही. अचानक वाढलेली मागणी टाकी काही क्षण सांभाळते, दाबाचे चढउतार शांत करते, थोडे पाणीही खाली बसवते. हवा मात्र ती तयार करत नाही.

तापते ते का

सायकलला हवा भरताना पंपाचे नळकांडे गरम होते. ते दट्ट्याच्या घर्षणामुळे, असे बहुतेकांना वाटते. घर्षणाचा वाटा असतो, पण छोटा. मुख्य कारण असे की पुढे सरकणाऱ्या दट्ट्यावर आदळणारा हवेचा रेणू परतताना जास्त वेगाने परततो, आणि रेणूंचा वाढलेला वेग म्हणजेच वाढलेले तापमान. दट्ट्यावर तुम्ही केलेले काम हवेत उष्णता होऊन उतरते.

हा वाढीचा आकडा साधारण कल्पनेपेक्षा बराच मोठा असतो. 20 अंश सेल्सिअसची हवा एका दमात गेजवरच्या 7 बारपर्यंत दाबली आणि तिची उष्णता कुठेच जाऊ दिली नाही, तर गणिताने तिचे तापमान 250 अंशांच्या वर जाते. प्रत्यक्षात सिलिंडरचे पंखे थोडी उष्णता ओढून घेतात, तरी पिस्टन कंप्रेसरची डिलिव्हरी पाइप (दाबलेली हवा बाहेर नेणारी) हात भाजेल इतकी गरम असणे हा दोष नव्हे.

दुसरी अडचण विजेच्या बिलाची. गरम हवा पसरायला बघते, त्यामुळे ती दाबायला जास्त जोर लागतो. यावर उपाय म्हणजे दाबण्याचे काम दोन टप्प्यांत वाटून मध्ये हवा गार करणे. पहिला सिलिंडर हवेला साधारण 2.8 पटीपर्यंत दाबतो, इंटरकूलर तिला गार करतो, मग दुसरा, लहान सिलिंडर उरलेली 2.8 पट पुरी करतो. गणितात यामुळे प्रत्येक टप्प्याचे तापमान सुमारे 120 अंशांवर थांबते आणि लागणारे काम जवळजवळ 15 टक्क्यांनी घटते. टू-स्टेज मशीनची किंमत जास्त का, याचे उत्तर बरेचसे यात आहे. इंटरकूलरवर धुळीचा थर चढला की ही बचत हळूहळू नाहीशी होते, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

मोटरने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते, हे सांगितल्यावर ग्राहक आमच्याकडे संशयाने बघतात. पण ते खरे आहे. दाबलेली हवा पुन्हा खोलीच्या तापमानाला आली की तिच्या पोटातली ऊर्जा दाबण्याआधी होती जवळपास तेवढीच असते. वाढलेली असते ती पसरताना काम करण्याची क्षमता. म्हणून 37 किलोवॉटचा कंप्रेसर चालतो तेव्हा त्या खोलीत जवळपास 37 किलोवॉटची शेगडी पेटलेली असते असे धरा. गरम हवा बाहेर जायला वाट हवी, आणि ती फिरून सक्शनकडे, म्हणजे मशीन हवा आत ओढते त्या तोंडाकडे, येता कामा नये. 40 अंशांची हवा 30 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 3 टक्के विरळ असते. मशीन आकारमानाने तितकीच हवा ओढते, पण हातात येते कमी. कोपऱ्यातल्या बंद खोलीत कंप्रेसर कोंडणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

उंचीवरच्या ठिकाणीही असेच होते. समुद्रसपाटीपासून 1000 मीटरवर हवेचा दाब सुमारे 0.9 बार असतो, म्हणून तिथे तेच मशीन वजनाने कमी हवा देते.

पिस्टन की स्क्रू

पिस्टन कंप्रेसरची रचना सोपी आहे. पिस्टन खाली येतो तेव्हा सिलिंडरमधला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि सक्शन व्हॉल्व्ह आपोआप उघडतो. पिस्टन वर जातो, हवा दाबली जाते, आतला दाब टाकीच्या दाबापेक्षा जरा चढला की डिलिव्हरी व्हॉल्व्ह उघडतो. या व्हॉल्व्हच्या पातळ पट्ट्या केवळ दाबातल्या फरकावर हलतात, त्यांना कॅम वगैरे काही नसते. पट्टीखाली काजळीचा एक कण अडकला तरी दाबलेली हवा मागे फिरते, आणि ‘प्रेशर चढत नाही’ ही तक्रार सुरू होते. रिंगा बदलण्याआधी आम्ही व्हॉल्व्ह उघडून बघतो तो यासाठी.

एक बारकावा ब्रोशरमध्ये सहसा नसतो. पिस्टन सिलिंडरच्या माथ्याला टेकू नये म्हणून वर थोडी जागा मोकळी ठेवावी लागते. तिथली दाबलेली हवा बाहेर जातच नाही. पिस्टन खाली येताना आधी ती पसरते आणि मगच नवी हवा आत येते. ही जागा स्ट्रोकच्या, म्हणजे पिस्टनच्या एका धावेच्या, 5 टक्के असली, तर एका टप्प्यात 7 बार करताना स्ट्रोकचा जवळजवळ पाचवा भाग त्या शिळ्या हवेच्या पसरण्यातच जातो. दाब वाढवाल तसे हे नुकसान वाढते. टू-स्टेजचा हा दुसरा फायदा, आणि ‘पिस्टन डिस्प्लेसमेंट’ (पिस्टन मिनिटाला किती जागा सरकवतो) या आकड्यावर मशीन विकत घेऊ नये याचे कारणही हेच.

स्क्रू कंप्रेसरमध्ये एकमेकांत गुंतून फिरणारे दोन रोटर असतात. त्यांच्या खाचांत शिरलेली हवा पुढे सरकता सरकता आक्रसत्या जागेत सापडते आणि टोकाशी असलेल्या झरोक्यातून बाहेर ढकलली जाते. कल्पना जुनी आहे. जर्मनीत हाइनरिख क्रिगार याने 1878 मध्ये तिचे पेटंट घेतले होते, पण इतक्या नेमक्या आकाराचे रोटर तेव्हा कापता येत नव्हते. स्वीडनमध्ये आल्फ लिशोल्म यांनी 1930 च्या दशकात ती व्यवहारात आणली. आजच्या बहुतेक औद्योगिक स्क्रूमध्ये रोटरवर तेल सोडले जाते. ते फटी बुजवते, वंगण देते आणि हवा दाबली जात असतानाच तिची उष्णता शोषते, त्यामुळे एका टप्प्यात 7 बार करूनही बाहेर पडणारी हवा साधारण 80 ते 95 अंशांची असते. पुढे सेपरेटर तेल वेगळे करतो आणि ते कूलरमधून फिरून परत येते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. स्क्रू जितका थंड चालेल तितका चांगला, असे नसते. तापमान फार खाली राहिले की हवेतली वाफ मशीनमध्येच पाणी होऊन तेलात मिसळते, तेल दुधाळ होते आणि बेअरिंगे जातात. गरज फार कमी आणि मशीन फार मोठे असले की नेमके हे घडते.

दिवसात थोडा थोडा वेळ हवा लागणाऱ्यांना पिस्टन परवडतो. सलग मागणी असेल तिथे स्क्रू घ्या. फार मोठ्या कारखान्यांत सेंट्रिफ्युगल असतात. ते आम्ही विकत नाही, म्हणून त्यांच्यावर इथे काही लिहीत नाही.

टाकीतले पाणी

एखाद्या जागेत किती वाफ मावते हे त्या जागेच्या आकारमानावर आणि तापमानावर ठरते. हवा दाबली की जागा आठव्या हिश्शावर येते, वाफ मात्र तेवढीच राहते. गरम असेपर्यंत ती वाफ तग धरते आणि गार होताच पाणी होऊन पडते.

मिनिटाला 6 घनमीटर हवा देणारे मशीन धरा. बाहेर 30 अंश आणि 60 टक्के आर्द्रता असेल तर प्रत्येक घनमीटर हवेसोबत सुमारे 18 ग्रॅम वाफ आत येते, म्हणजे तासाला साडेसहा किलो. आफ्टरकूलरने हवा 40 अंशांवर आणली की त्यातले तासाला 4 लिटरच्या आसपास पाणी सुटते. आठ तासांच्या पाळीत 30 लिटरच्या वर! मशीन पाणी ‘बनवत’ नाही, ते तुमच्याच खोलीतल्या हवेचे असते. ड्रेन उघडला नाही तर ते पाइपमधून थेट तुमच्या यंत्रांच्या हवेवर चालणाऱ्या सिलिंडरांत, स्प्रे गनमध्ये आणि तयार मालावर जाते. ऑटो ड्रेन असला तरी तो खरोखर पाणी सोडतो का, हे अधूनमधून बघा. तेलकट चिकटा बसून तो सहज तुंबतो.

उरलेल्या वाफेसाठी ड्रायर लागतो. रेफ्रिजरेटेड ड्रायर हवा सुमारे 3 अंशांपर्यंत गार करून पाणी काढतो आणि बहुतेकांना तो पुरतो. ज्यांना उणे 40 अंश दवबिंदूइतकी कोरडी हवा हवी त्यांनी शोषक ड्रायर घ्यावा. त्याच्या हीटर नसलेल्या प्रकारात, शोषक पुन्हा सुकवायला सुमारे 15 टक्के तयार हवा खर्ची पडते, हे आधीच सांगून ठेवतो.

बिल कुठे वाढते

पहिली जागा गळती. 7 बारच्या लाइनला 3 मिलिमीटरचे एक भोक 3 ते 4 किलोवॉट वीज खाते, रात्रंदिवस. दुसरी, गरजेपेक्षा जास्त ठेवलेला दाब. 7 बारच्या आसपास प्रत्येक 1 बार वाढीला वीज 6 ते 7 टक्के जास्त लागते, शिवाय त्या दाबाला गळतीही वाढते. टूलला जोर येत नाही म्हणून कंप्रेसरचे सेटिंग चढवण्याआधी पाइप बघा. प्रवाह तोच ठेवून पाइपचा आतला व्यास निम्मा केला तर दाबाचा तोटा सुमारे 32 पट होतो. म्हणून टाकीवरचा काटा सातवर आणि टूलपाशी जेमतेम पाच, असे घडते.

तिसरी जागा अनलोड. स्क्रू हवा न देता फिरत असतानाही पूर्ण लोडच्या साधारण पाव ते तृतीयांश वीज घेतो. मागणी सतत वरखाली होत असेल तर व्हीएफडीचे, म्हणजे मागणीप्रमाणे मोटरचा वेग बदलणारे, मशीन फायद्याचे ठरते. मागणी एकसारखी असेल तर उगाच घेऊ नका, तिथे साधे मशीनच बरे.

जपून

सेफ्टी व्हॉल्व्ह कधीही बंद किंवा घट्ट करू नका. टाकीची दाबचाचणी पाण्यानेच करतात, कारण पाणी जवळपास दाबले जात नाही आणि टाकी फुटली तरी साठलेली ऊर्जा फारशी नसते; हवेने केलेली तीच चाचणी जीव घेऊ शकते. पीव्हीसीची पाइप हवेसाठी वापरू नका, फुटली की तिचे तुकडे उडतात. कपड्यांवरची धूळ हवेच्या झोताने झटकू नका. तो डोळा फोडू शकतो आणि जखमेतून शरीरात शिरू शकतो. औद्योगिक कंप्रेसरची हवा श्वासासाठी नसते. पिस्टनच्या डिलिव्हरी पाइपमध्ये साचणारी काजळी पेट घेऊ शकते, म्हणून ती वेळच्या वेळी काढा.

चौकशीला येताना

एचपी आम्ही काढू. तुम्ही प्रत्येक यंत्राला किती हवा आणि किती दाब लागतो, त्यातली किती यंत्रे एकाच वेळी चालतात, एवढे लिहून आणा. हवा घनमीटर प्रतिमिनिट किंवा सीएफएममध्ये (घनफूट प्रतिमिनिट) चालेल. 1 घनमीटर म्हणजे सुमारे 35 घनफूट. इतर ठिकाणचे कोटेशन आणलेत तर त्यात एफएडी, म्हणजे सक्शनच्या स्थितीत मोजलेली प्रत्यक्ष मिळणारी हवा, किती बारला दिली आहे ते तपासा.

आधीचा लोड-अनलोड कंप्रेसर असेल तर सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रे बंद ठेवून तो चालवा आणि तो किती वेळ लोडवर, किती वेळ अनलोडवर राहतो ते घड्याळ लावून टिपा. लोडच्या वेळेला दोन्ही वेळांच्या बेरजेने भागायचे. 1 मिनिट लोड आणि 4 मिनिटे अनलोड निघाले, तर तुमच्या मशीनची 20 टक्के हवा गळतीतच जाते आहे. आकडा एवढा मोठा असेल तर आधी साबणाचे पाणी घेऊन जोड तपासा. नव्या मशीनचे नंतर बघू.