रस्त्याचा आडवा उतार

पाण्याचा निचरा व्हावा आणि वाहन वळणावर स्थिर राहावे यांसाठी रस्त्याच्या पृष्ठभागाला रुंदीच्या दिशेने दिलेला उतार. सरळ रस्त्यावर माथा मध्यभागी ठेवून दोन्ही कडांकडे उतार दिला जातो, त्यास कॅम्बर म्हणतात. वळणावर बाहेरची कड उचलून आतल्या कडेकडे एकतर्फी उतार दिला जातो, त्यास सुपरएलिव्हेशन म्हणतात.

रोमन रस्त्यांचा मधला भाग उंच असल्याचे अनेक ठिकाणच्या अवशेषांवरून दिसते. तथापि हा उंचवटा सर्वत्र सारखा नसल्याने त्यामागे ठरावीक नियम होता असे मानणे धाडसाचे ठरेल. आधुनिक पद्धतीचा आरंभ सामान्यतः फ्रेंच अभियंता प्येर त्रेसागे (१७१६–९६) याच्यापासून धरतात. पायाचा तळच पृष्ठभागाला समांतर असा बाकदार खोदण्याची त्याची रीत १७६४ च्या सुमारास आकारास आली असावी. स्कॉटिश अभियंता टॉमस टेलफर्ड (१७५७–१८३४) याने मात्र तळ सपाट ठेवून पायाच्या दगडांच्या उंचीतून उतार साधला. त्याच्या लंडन ते होलीहेड (वेल्स) रस्त्याच्या विनिर्देशात हे दगड मध्यभागी ७ इंच, तेथून ९ फुटांवर ५ इंच, १२ फुटांवर ४ इंच आणि १५ फुटांवर ३ इंच उंचीचे सांगितले आहेत. स्कॉटिश रस्तेबांधणीकार जॉन मॅकॅडम (१७५६–१८३६) याने दगडी पायाच अनावश्यक ठरवून तळाच्या मातीला उतार दिला. खाली शिरलेले पाणीही बाजूला निघून जाते, या दृष्टीने त्रेसागे व मॅकॅडम यांची बाजू अधिक सयुक्तिक वाटते आणि पुढील काळातील प्रघातही तसाच आहे.

मॅकॅडमच्या उताराच्या प्रमाणाबाबत ग्रंथांत एकवाक्यता नाही. मध्यभाग कडांहून ३ इंच उंच, एवढे सर्वत्र सारखे आढळते; परंतु रस्त्याची रुंदी काही ठिकाणी ३० फूट, तर काही ठिकाणी १८ फूट दिली आहे. पहिल्या हिशेबाने उतार ६० स आणि दुसऱ्या हिशेबाने ३६ स एक असा येतो. ब्रिटिश संसदीय समितीपुढील त्याच्या साक्षीत १८ फुटांचा उल्लेख असल्याने दुसरा आकडा अधिक ग्राह्य मानावा लागेल. तत्कालीन इंग्लंडमधील रस्ते याहून बरेच फुगीर असत. गाडी कलंडेल या भीतीने सर्वजण माथ्यावरूनच गाडी हाकत आणि तेथेच खोल चाकोऱ्या पडत.

भारतात इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या ग्रामीण महामार्गांविषयीच्या मानकांनुसार (१९८०) काँक्रीट व उच्च प्रतीच्या डांबरी पृष्ठभागास १.७ ते २, पातळ डांबरी थरास २ ते २.५, खडीच्या रस्त्यास २.५ ते ३ आणि मातीच्या रस्त्यास ३ ते ४ टक्के उतार द्यावयाचा होता. यांतील मोठे आकडे अधिक पावसाच्या प्रदेशासाठी होते. म्हणजे ७ मीटर रुंदीच्या रस्त्यावर २ टक्क्यांनी माथा कडेहून फक्त ७० मिमी उंच असतो.

वळणावर e + f = V²/१२७R हे समीकरण लागू पडते. यात e हा उतार, f हा आडव्या घर्षणाचा गुणांक, V हा ताशी किमी वेग आणि R ही मीटरमधील त्रिज्या होय. एकाच रस्त्यावरून ट्रक व बैलगाडी दोन्ही जातात; उतार पूर्ण वेगासाठी दिल्यास मंद वाहन आत घसरते, म्हणून तो पाऊण वेगासाठी (e = V²/२२५R) काढतात. ८० किमी वेग व ४०० मीटर त्रिज्या असता उत्तर ७.१ टक्के येते. सपाट प्रदेशात कमाल मर्यादा ७ टक्के असल्याने तेवढाच उतार ठेवतात, राहिलेला ०.०५६ चा भार घर्षणावर पडतो, जो ०.१५ या ग्राह्य मूल्याच्या पुष्कळ आत आहे. बर्फ न पडणाऱ्या डोंगराळ भागात १० टक्क्यांपर्यंत मुभा आहे. कॅम्बरवरून सुपरएलिव्हेशनवर जाताना बाहेरच्या अर्ध्या भागाचा उतार एके ठिकाणी शून्य होतो. लांबीच्या दिशेनेही तेथे उतार नसेल तर पाणी साचते आणि भरधाव वाहनाची पकड सुटू शकते.

घाटरस्त्यांत सरळ भागाचा उतार बहुधा डोंगराकडे ठेवतात, म्हणजे पाणी पायथ्याच्या गटारातून मोरीकडे जाते व दरीकडील भराव धुपत नाही. सोंडेला वळसा घालताना सुपरएलिव्हेशनही डोंगराकडेच येते. ओहोळाच्या खोबणीत मात्र वळणाची आतली बाजू दरीकडे पडते आणि दोन्ही गरजांत विरोध निर्माण होतो.

वापरात उतार टिकत नाही. चाकोरीची रुंदी पाऊण मीटर धरली, तर तेवढ्या अंतरात २ टक्क्यांनी मिळणारा उंचीतला फरक जेमतेम १५ मिमी असतो. त्याहून खोल चाकोरी पडली की पाणी आडवे वाहतच नाही. साइडपट्टीचा उतार रस्त्याहून अर्धा टक्का अधिक असावा लागतो; पण तिच्यावर माती व गवत साचून ती डांबराहून उंच झाल्यास पाणी कडेला अडते, आणि कड तेथूनच तुटू लागते.