रिठी गावं आणि पेंचचा जुना नकाशा

विदर्भात उठून गेलेल्या गावाला रीठ म्हणतात. माणसं जाऊन पिढ्या लोटल्या तरी पटवाऱ्याच्या दप्तरात मौजा तसाच राहतो, फक्त नावापुढे कंसात ‘रिठी’ लागतं. पेंचच्या जंगलाची जुनी टोपोशीट, म्हणजे चढउतार, नद्या, वस्त्या दाखवणारा सरकारी नकाशा, उघडण्याआधी हा शब्द माहीत असलेला बरा.

नागपूर आणि पेंच, दोन्ही सर्व्हे ऑफ इंडियाच्या ‘५५ ओ’ क्रमांकाच्या शीटमध्ये येतात. या नकाशांमागच्या मोजणीचा धागा आपल्या भागातूनच जातो. विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं १८०२ मध्ये मद्रासजवळ त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. हैदराबादहून नागपूरला मुक्काम हलवताना, २० जानेवारी १८२३ रोजी तो हिंगणघाटला वारला. थडगंही तिथंच आहे. नागपूरच्या झिरो माइल या मोजणीच्या खुणेच्या दगडासमोर फोटो काढणाऱ्यांपैकी किती जण तिकडे फिरकले असतील, कोण जाणे!

पण त्रिकोण जुळवून डोंगरमाथे पक्के होतात, आतलं जंगल नाही. ते पायी फिरून भरावं लागलं. इंचाला मैल या प्रमाणातले रंगीत नकाशे १९०५ पासूनचे. स्वातंत्र्यानंतर मेट्रिक मापं आली आणि १:५०,००० ची शीट रूढ झाली.

या शीटवर शेती पिवळी, झाडी हिरवी, वस्ती लाल, चढउताराच्या रेषा तपकिरी. कोपऱ्यातल्या चिन्हांच्या सूचीत वसलेल्या गावाशेजारीच ओसाड गावाचं चिन्ह वेगळं दिलेलं असतं. म्हणजे मोजणीदारानं रीठसुद्धा टिपायची, हे ठरलेलंच होतं. सगळ्या रिठी त्याला सापडल्या असतील असं नाही. मग हिरव्या पट्ट्यात मध्येच पिवळा तुकडा दिसला, जवळ बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीची आखूड रेघ दिसली, की मी तिथं बोट ठेवून थांबतो. पाळ आपोआप होत नाही, कुणीतरी माती वाहून घातलेली असते. आजूबाजूला मात्र ‘आर एफ’, राखीव जंगल. १८७८ च्या वन कायद्यानं अशा जंगलात शेती, चराई, लाकूडफाटा सगळ्यालाच सरकारी परवानगी लागू लागली. महाराष्ट्रातलं पेंच राष्ट्रीय उद्यान १९७५ चं, व्याघ्र प्रकल्प १९९९ चा. तोवर या जंगलातली माणसं बरीच पांगली होती. सफारीच्या जिप्सीतून बघणाऱ्याला ते मुळातच निर्मनुष्य वाटतं, त्यात त्याचा तरी काय दोष?

नदीचंही तसंच. उन्हाळ्यात पेंचची धार तुटते आणि पाणी उरतं ते डोहांत. टोपोशीटवर कोरडं पात्र काळ्या रेघांनी आणि पाणी निळ्यानं दाखवतात, त्यामुळे धरणाआधीच्या शीटवर नदी वळणं घेत जाताना दिसते. नव्या शीटवर त्या वळणांच्या जागी एक मोठा निळा डाग आहे आणि ‘तोतलाडोह’ हे आता जलाशयाचं नाव आहे. तेच पाणी खाली नवेगाव खैरीला उतरतं आणि तिथून नागपूरच्या नळाला येतं.