कम्युनिटी कॉलेजचा फुटबॉल आणि ‘फुकट शिक्षण’

‘अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजच्या फुटबॉल संघात शिरलं की शिक्षण फुकट’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तो अर्धवट खरा आहे, म्हणूनच पटतो. (इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आपल्याकडचा सॉकर नव्हे.)

ही दोन वर्षांची कॉलेजं आसपासच्या कॉलेजांसोबत कॉन्फरन्स, म्हणजे आपापसांत सामने खेळणारा गट, करून खेळतात आणि नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात संघ भरपूर, पण तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायलाच मनाई. वर हंगामात किमान १२ युनिट्सचे (युनिट म्हणजे अभ्यासाचा भार मोजायचं माप) विषय घ्यावे लागतात. परदेशी विद्यार्थ्याची फी तर स्थानिकांच्या कित्येक पट! कॅन्सस, मिसिसिपीत शिष्यवृत्ती मिळते. मात्र परराज्यातले खेळाडू किती घ्यायचे, यावर तिथे अनेक वर्षं मर्यादा होती. कॉलेजं स्थानिक करांवर चालणार, तर घरच्या पोरांना आधी संधी, हे समजण्यासारखं आहे.

खात्री करणं सोपं आहे. कॉलेजच्या वेबसाइटवर आधी फुटबॉल संघ आहे का ते पाहा. कॉन्फरन्समधलं प्रत्येक कॉलेज फुटबॉल खेळतंच असं नाही. मग आर्थिक मदतीच्या पानावर खेळाडूंसाठी काही आहे का ते शोधा. असेल तर ईमेल करून नेमकं विचारा: फक्त कॉलेजची फी आणि पुस्तकं, की राहणं-जेवणही?