कायद्याच्या पदवीनंतरची शाळा

१० जून १८९१ रोजी मोहनदास गांधी लंडनमध्ये बॅरिस्टर झाले, दुसऱ्या दिवशी तिथल्या हायकोर्टात नाव नोंदवलं आणि तिसऱ्या दिवशी बोटीने मायदेशी निघाले. कायदा त्यांनी वाचला होता. पण दावा कसा लिहायचा, साक्षीदाराला काय विचारायचं, हे कुणी शिकवलेलं नव्हतं. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात ममीबाई नावाच्या पक्षकारातर्फे उलटतपासणीला उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. ते खाली बसले, ठरलेली ३० रुपये फी परत घ्यायला सांगितली आणि काम दुसऱ्या वकिलाकडे गेलं. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

दोष त्यांच्या एकट्याचा नव्हता. बॅरिस्टर होण्यासाठी तेव्हा परीक्षेबरोबर बारा टर्म ‘पाळाव्या’ लागत. म्हणजे इन्सच्या, लंडनमधल्या बॅरिस्टरांच्या चार जुन्या संस्थांच्या, भोजनगृहात दर टर्मला ठरावीक जेवणं घ्यावी लागत. या प्रथेला इतिहास आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकात लिंकन्स इन, ग्रेज इन आणि इनर व मिडल टेंपल या चारही इन्स खऱ्याखुऱ्या शाळा होत्या. ज्येष्ठांची व्याख्यानं होत, आणि जेवणानंतर विद्यार्थ्यांना काल्पनिक खटला देऊन त्यावर युक्तिवाद करायला लावत. १६४० च्या दशकातल्या यादवी युद्धात ही शिकवण मोडली ती मोडलीच. जेवणं मात्र टिकली! पुढे १८५२ मध्ये इन्सनी शिक्षणासाठी एकत्रित मंडळ स्थापन केलं आणि १८७२ पासून परीक्षा सक्तीची झाली, तरी ती पुस्तकी ज्ञानाचीच होती. काम शिकायचं तर एखाद्या अनुभवी बॅरिस्टरच्या चेंबरमध्ये पैसे भरून बसायचं.

सॉलिसिटरचा, म्हणजे पक्षकाराला सल्ला देणाऱ्या आणि कागदपत्रं तयार करणाऱ्या वकिलाचा, रस्ता वेगळा होता. १७२९ च्या कायद्याने पाच वर्षांची उमेदवारी सक्तीची केली. करारनाम्यावर सही करून मुलगा एखाद्या सॉलिसिटरच्या ऑफिसात जाई, आणि पगार मिळणं दूरच, बहुधा त्याच्या वडिलांनाच मालकाला मोठी रक्कम मोजावी लागे. या पद्धतीची बाजूही समजून घेतली पाहिजे. इथे हातात खरा कागद पडत होता. जमिनीच्या व्यवहारातली कागदपत्रं, मृत्युपत्र, पक्षकाराची चिडचिड, मुदत चुकली तर काय होतं, हे सगळं डोळ्यांसमोर घडे. पण शिकणं पूर्णपणे मालकावर अवलंबून. एखाद्याने शिकवलं तर उत्तम, नाहीतर पाच वर्षं नकला करण्यात जात. आणि ज्याच्या घरी पैसा नाही, त्याला दार बंद. १८३६ मध्ये परीक्षा आली, १९०३ मध्ये लॉ सोसायटीने, म्हणजे सॉलिसिटरांच्या संघटनेने, स्वतःची शाळा काढली, १९६२ मध्ये ती एका खासगी शिकवणी-संस्थेत मिळवून कॉलेज ऑफ लॉ उभं राहिलं. तरीही परीक्षा म्हणजे प्रचंड पाठांतर, हे समीकरण बराच काळ सुटलं नाही.

खरं वळण १९७१ चं. इंग्लंडमधल्या कायद्याच्या शिक्षणाबद्दल न्यायमूर्ती ऑर्मरॉड यांच्या समितीने त्या वर्षी अहवाल दिला आणि वकील घडवण्याचे टप्पे वेगळे केले : आधी विद्यापीठात कायद्याचं शिक्षण, मग व्यवसायाचं प्रशिक्षण, आणि त्यानंतर काम करता करता चालू राहणारं शिक्षण. मधला टप्पाही विद्यापीठांनी घ्यावा अशी समितीची कल्पना होती. ती व्यवसायाला पचली नाही. आपल्या दाराची किल्ली आपल्याच हातात ठेवण्याची सवय सहज सुटत नाही. इंग्लंडबाहेर मात्र याच सुमारास हालचाल झाली. कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत आणि हाँगकाँग विद्यापीठात १९७२ मध्ये पदवीनंतरचे प्रत्यक्ष वकिलीचे अभ्यासक्रम सुरू झाले. ऑस्ट्रेलियात पुढे वकिलीच्या पदव्युत्तर पदविकेने उमेदवारीची जागा बऱ्याच अंशी घेतली.

इंग्लंडमध्ये सॉलिसिटरसाठीची पाठांतराची परीक्षा जाऊन १९९३ मध्ये लीगल प्रॅक्टिस कोर्स आला. पक्षकाराची मुलाखत, मसुदा, कायदेशीर संशोधन, युक्तिवाद ही कौशल्यं प्रथमच मोजली जाऊ लागली. कोर्सनंतर एखाद्या फर्ममध्ये दोन वर्षांचं प्रशिक्षण बंधनकारक होतं, आणि गोम तिथेच होती. कोर्स करणारे जास्त, फर्ममधल्या जागा कमी. लंडनमध्ये फी १५ हजार पौंडांच्या वर गेली. मोठ्या फर्म आपल्या निवडलेल्या उमेदवारांची फी भरत, बाकीच्यांनी कर्ज काढून नशीब आजमावायचं. वडिलांनी मालकाला द्यायची रक्कम गेली आणि तिच्या जागी कॉलेजची फी आली, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

याच ताणातून वकिलीच्या कामातला एलएलएम, म्हणजे कायद्याची मास्टर्स पदवी, बोकाळला. नुसत्या कोर्सला सरकारी कर्ज मिळत नव्हतं. २०१६ मध्ये इंग्लंडमध्ये मास्टर्स पदवीसाठी १० हजार पौंडांपर्यंत सरकारी कर्ज सुरू झालं, तेव्हा संस्थांनी त्याच कोर्सला प्रबंध किंवा एखादा जादा विषय जोडून त्याची मास्टर्स केली. विद्यार्थ्याला कर्ज मिळालं, संस्थेला विद्यार्थी. अशा पदवीला अर्थ नाही असं नाही, पण तिच्या जन्मात विद्वत्तेइतकाच हिशेबाचाही वाटा आहे.

सप्टेंबर २०२१ पासून सॉलिसिटरसाठी एकच सामायिक परीक्षा आली. पहिल्या भागात ३६० बहुपर्यायी प्रश्न, दुसऱ्या भागात मुलाखत, युक्तिवाद, मसुदा यांच्या १६ कसोट्या, आणि शिवाय दोन वर्षांचं प्रत्यक्ष काम, तेही चार ठिकाणांपर्यंत विभागून चालतं. विशिष्ट कोर्स आता बंधनकारक नाही. पण तयारीशिवाय बसणार कोण? संस्थांनी तयारीचे वर्ग पुन्हा एलएलएमच्या नावाखाली विकायला घेतले.

भारताची गोष्ट उलट्या क्रमाने घडली. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये सनदेपूर्वी प्रशिक्षण आणि परीक्षेची तरतूद होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. पदवी हातात, सनद हातात, आणि पुढचं सीनिअरच्या ऑफिसात बघून शिकायचं, असा मामला झाला. १९९५ मध्ये बार कौन्सिलने एक वर्षाच्या प्रशिक्षणाचे नियम केले, पण १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्ही. सुदीर खटल्यात ते रद्द केले; कायद्यातून जी अट संसदेने काढली, ती कौन्सिलला नियमांच्या वाटेने परत आणता येणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. मग २०१० मध्ये अखिल भारतीय बार परीक्षेचा निर्णय झाला आणि मार्च २०११ मध्ये पहिली परीक्षा झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये घटनापीठाने ती घेण्याचा बार कौन्सिलचा अधिकार मान्य केला, आणि ती सनदेआधी घ्यायची की नंतर, हे कौन्सिलवरच सोपवलं. ज्युनिअरने पहिली काही वर्षं कुणाच्या हाताखाली आणि किती मोबदल्यावर शिकायचं, हे ती परीक्षा ठरवत नाही.