गोळी जाते आधी, खांद्याला कळतं मागाहून

भाचा अलास्कात असतो. तिथे नदीवर सॅमन पकडायला जायचं तर अस्वलाची धास्ती, म्हणून त्याने लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल घेतली. चापाभोवतीची कडी खाली ओढून पुन्हा वर घेतली की रिकामं काडतूस बाहेर आणि नवं आत. आठवड्याभरात मला फोटो आला: खांद्यावर वांग्याच्या रंगाचा डाग. खाली तक्रार, "मामा, लाथ मारते, गोळ्या खाली लागतात, वर काडतूसही अडकतं. बंदूक सदोष असेल का?"

त्याची काडतुसं '४५-७०' जातीची. अमेरिकन लष्कराने ती १८७३ मध्ये स्वीकारली. ४५ म्हणजे इंचाचे शंभरांश, गोळीची जाडी. ७० म्हणजे काळ्या दारूचे ग्रेन, साधारण साडेचार ग्रॅम. घोडदळाच्या आखूड बंदुकीला मात्र ५५ ग्रेनच भरत, कारण हलक्या बंदुकीचा दणका तेव्हाच्या शिपायांनाही सोसत नसे.

आता नववीतला संवेग आठवा. गोळी २६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ४०५ मीटर, गुणाकार साडेदहा. तेवढाच संवेग उलट दिशेने बंदुकीला मिळतो. ती ३.२ किलोची, म्हणून सेकंदाला ३.३ मीटर वेगाने मागे येते. संवेग सारखा, पण ऊर्जेची वाटणी अगदी विषम: गोळीकडे सुमारे २,१३० ज्यूल, बंदुकीकडे १७. (मागोमाग सुटणारा वायू धरला तर पंचविसाच्या पुढे.) वस्तुमान १२३ पट, म्हणून वाटा १२३ पट कमी. ही वाटणी उलटी असती तर बंदूक कुणी हातातच धरली नसती.

सिनेमात गोळी लागलेला खलनायक पाच मीटर उडून काचेतून पलीकडे जातो, ते याच हिशेबात बसत नाही. ८० किलोच्या माणसाला साडेदहाचा संवेग दिला तर त्याचा वेग सेकंदाला १३ सेंटिमीटर. तो उडणार असेल तर नायकानेही मागे उडायला हवं!

मला खरी मजा वाटते ती पुढच्या हिशेबात. गोळी नळीतून साधारण ४५ सेंटिमीटर धावते तेवढ्या वेळात बंदूक मागे किती सरकते? ४५ भागिले १२३. चार मिलिमीटरसुद्धा नाही. आणि वेळ? दोनेक मिलिसेकंद. आवाजाने दचकून पापणी लवायलाही किमान तीसेक मिलिसेकंद लागतात. म्हणजे खांद्याला दणका कळेपर्यंत गोळी केव्हाच निघून गेलेली असते. दणक्याला घाबरून नेम बिघडवणं शरीराला शक्यच नाही. नेम बिघडतो त्याच्या आधी, चाप ओढताना, येणाऱ्या दणक्याच्या धास्तीने. खांदा पुढे रेटला जातो, नळी खाली झुकते, गोळी खाली लागते. काडतूस अडकण्याचं मूळही बहुधा इथेच: भेदरलेला हात कडी पूर्ण खाली नेत नाही, अर्ध्यावरून परत आणतो.

दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या भागाला, लावायची जाहिरातीतली रबरी गादी 'दणका गिळते' म्हणे. गिळत बिळत काही नाही, संवेग तेवढाच राहतो. फक्त थांबायला वेळ जास्त मिळतो, म्हणून जोर कमी लागतो. झेल घेताना आपण हात मागे घेतो तसं. तरी गादी लावावीच. दस्ता मात्र खांद्याच्या खोबणीत घट्ट हवा. मध्ये फट राहिली तर बंदूक आधी वेग घेते आणि मग आदळते. टेबलावर वाकून नेम धरण्यापेक्षा उभं राहावं, म्हणजे धड मागे झुलतं. कानात बोळे आणि वर कर्णरक्षक, कारण निम्मी धास्ती आवाजाचीच असते. हलक्या भाराची काडतुसं, एका वेळी दहाच. आणि टोकदार गोळ्या नकोत. नळीखालच्या साठ्यात काडतुसं एकामागे एक बसतात. दणक्याने मागचं टोक पुढच्याच्या बुडावर आपटलं तर आतच स्फोट व्हायचा.

भाच्याला म्हटलं, मित्राला सांग, खऱ्या काडतुसांत एखादं नकली मिसळ, पण कितवं ते सांगू नकोस. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ आला. दोन बार झाले. तिसऱ्याला नुसतं 'टक्', आणि नळी चार बोटं खाली. मागून मित्र खो खो हसत होता.

"मामा," खाली लिहिलं होतं, "बार उडालाच नाही, तरी माझे डोळे मिटलेले दिसतायत."